गावातल्या आणि नदीकाठच्या सोप्या वाटा : वाचकांचे प्रश्न

मागील अंकात आम्ही वाचकांना आवाहन केले होते, की गडकिल्ल्यांच्या चढणी बाजूला ठेवून गावातल्या, बागांतल्या आणि नदीकाठच्या चालण्याविषयी जे विचारावेसे वाटते ते मोकळेपणाने विचारावे. आलेल्या बहुतेक पत्रांत एक प्रश्न हटकून आहे : ‘वाट सोपी आहे ना?’ म्हणून उत्तरांआधी एवढे सांगणे भाग आहे, की या सदरात सोपी वाट याचा अर्थ कमी अंतराची वाट असा नाही. जिच्यावर थोड्या थोड्या अंतराने टेकायला जागा सापडते आणि जी कोणत्याही टप्प्यावर सोडून रिक्षा किंवा बस गाठता येते, ती वाट सोपी. अशी चार किलोमीटरची वाटही सत्तरीतल्या माणसाला झेपते; उलट मध्ये बाहेर पडायला जागाच नसेल, तर एकच किलोमीटर चांगला जड जातो.

प्रश्न : माझे वय 68 आहे. गेल्या वर्षी उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी सपाटीवर चालायला सांगितले आहे. डेक्कनपासून शनिवारवाड्यापर्यंत मुठेच्या काठाने चालत जावे असे फार मनात आहे. नदीपात्रातल्या रस्त्याने जाऊ का?
— एक निवृत्त शिक्षिका, कर्वेनगर, पुणे

नदीपात्रातल्या रस्त्याने कृपया जाऊ नये. नकाशावर तो रस्ता नदीला सर्वांत जवळचा आणि सरळ दिसतो, त्यामुळे अनेकांना त्याचा मोह पडतो. परंतु तो वाहनांचा आडरस्ता आहे, पायी चालणाऱ्यांसाठी नाही. दुचाकी वेगाने अंगावरून जातात, टेकायला जागा नाही, आणि कंटाळा आला किंवा गुडघा कुरकुरू लागला तर पुढच्या पुलाशी पोहोचेपर्यंत वर येण्याची सोय नाही.

त्याऐवजी नदीला समांतर, पण काठाच्या वर असलेल्या जंगली महाराज रस्त्याने जावे. डेक्कनला उतरून लकडी पुलाच्या तोंडाशी क्षणभर थांबावे. पूल आज दगडाचा असला तरी पेशवाईतल्या मूळ लाकडी पुलाचे नाव पुणेकरांच्या तोंडातून गेलेले नाही. छत्रपती संभाजी महाराज पूल हे त्याचे अधिकृत नाव पाट्यांवर आहे, रिक्षावाल्याला मात्र ‘लकडी पूल’ असेच सांगावे लागते. तिथून पुढे रस्त्याचा पदपथ रुंद आहे आणि त्यावर बसायला बाकेही आहेत. पुण्यात ज्येष्ठांना निर्धास्तपणे चालता येईल असे जे मोजके रस्ते आहेत, त्यांत मी हा पहिला धरीन. थोडे पुढे गेल्यावर उजव्या हाताला संभाजी उद्यान लागते. पहिला विसावा इथे घ्यावा, कारण सावली दाट आहे आणि मागच्या बाजूला नदी आहे. उद्यानापलीकडे 1968 साली सुरू झालेले बालगंधर्व रंगमंदिर आहे.

इथे एक फाटा घेण्याचा आग्रह करतो. रंगमंदिराच्या चौकातून लगेच पुलाकडे न वळता त्याच रस्त्याने थोडे पुढे जावे आणि सिग्नलवर रस्ता ओलांडून पाताळेश्वराचे लेणे पाहावे. भर शहरात, रस्त्याच्या पातळीच्या खाली, एकाच कातळात कोरलेले हे आठव्या शतकाच्या सुमाराचे शिवालय आहे आणि त्यासमोरचा वर्तुळाकार नंदीमंडप पाहताना बाहेरच्या रहदारीचा काही वेळ विसर पडतो. खाली उतरायला पायऱ्या आहेत. गुडघ्याला नको वाटत असेल तर वरच्या आवारात झाडाखाली बसून मंडप पाहता येतो. शेजारीच जंगली महाराजांचे मंदिर आहे. त्यांच्याच नावावरून रस्त्याचे नाव पडले.

परत चौकात येऊन बालगंधर्व पुलाने नदी ओलांडावी. नदी खऱ्या अर्थाने दिसते ती या पुलावरून. मुठेचे पाणी स्वच्छ असते असे मी म्हणणार नाही आणि उन्हाळ्यात नाकावर रुमाल धरावा लागतो, हेही लपवणार नाही. तरी पावसाळ्यानंतर कार्तिकापर्यंत सकाळी इथून जाणे सुखाचे असते. पलीकडच्या काठाला ओंकारेश्वर आहे. पहिल्या बाजीरावाच्या काळातले हे मंदिर, आणि त्याच्याच आवारात वसई घेणाऱ्या चिमाजी आप्पांची समाधी. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा या काठच्या पेठांत पाणी कुठवर चढले होते, हे सांगणारी माणसे आजही इथल्या वाड्यांत भेटतात. आपणही कदाचित त्यांतल्याच असाल. शेजारच्या वर्तक बागेत दुसरा विसावा घ्यावा. तिथून शनिवारवाडा अगदी जवळ आहे.

10 जानेवारी 1730 रोजी या वाड्याची पायाभरणी झाली आणि 1828 च्या आगीत आतल्या इमारती गेल्या. त्यामुळे आत पाहायचे ते मुख्यतः चौथरे, कारंजी आणि तटबंदी. दिल्ली दरवाज्याच्या वर नगारखान्यात जायला उंच दगडी पायऱ्या आहेत, त्या आपल्यासाठी नाहीत. समोरच्या पटांगणात बसून दरवाज्याचे खिळे मोजावेत. पाताळेश्वराचा फाटा धरून हे सगळे चालणे दोन-अडीच किलोमीटरच्या आसपास भरते आणि रमतगमत दोन तास पुरतात. मध्येच थांबायचे झाले तर डेक्कन आणि संभाजी उद्यान ही दोन मेट्रो स्थानके वाटेतच आहेत, आणि शनिवारवाड्याहून कसबा पेठेचे भुयारी स्थानक जवळ आहे. तिन्ही ठिकाणी लिफ्ट आहे.

प्रश्न : रोज दहा हजार पावले झालीच पाहिजेत असे सगळे सांगतात. तलावपाळीला दोन फेऱ्या मारूनही माझा मोबाइल सहा हजारांच्या पुढे जात नाही. वाईट वाटते.
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

वाईट वाटून घेऊ नये. दहा हजारांचा आकडा प्रयोगशाळेतून आलेला नाही. टोकियोतील 1964 च्या ऑलिंपिकनंतर जपानमध्ये चालण्याची हौस वाढली आणि 1965 साली तिथल्या एका कंपनीने कमरेला लावायचे पावले मोजण्याचे यंत्र ‘मानपो-केई’ या नावाने बाजारात आणले. त्या नावाचा अर्थच ‘दहा हजार पावलांचा मापक’ असा आहे. आकडा लक्षात राहायला सोपा, म्हणून तो जगभर टिकला. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचना पावलांचा हिशेब मांडतच नाहीत; प्रौढ व्यक्तीने आठवड्यातून 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा एवढेच त्या सांगतात. मध्यम श्रम ओळखण्याची खूण सोपी आहे : चालताना सोबत्याशी बोलता येते, पण गाणे म्हणू गेल्यास धाप लागते. मासुंदा तलावाच्या काठी, म्हणजेच आपल्या तलावपाळीला, संध्याकाळी जी गर्दी असते, तिच्यातून असे चालणे कठीण. पहाटे सहाच्या सुमारास जाऊन पाहावे. आणि भेळेच्या गाड्या तेव्हा बंद असतात, हाही एक फायदाच.

प्रश्न : दिवाळीच्या सुटीत दोन नातवंडांना घेऊन वाईला जाणार आहोत. एक नऊ वर्षांचा, एक सहा वर्षांची. गाडी एका जागी लावून दिवसभर पायी हिंडता येईल का? मेणवलीलाही चालतच जावे का?
— आजी-आजोबा, चिंचवड

वाई गाव पायीच पाहावे असे आहे, कारण कृष्णेच्या काठाने ते लांबट वसलेले आहे आणि घाट एकापाठोपाठ एक येतात. घाटांची नावे आळ्यांवरून आहेत : गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड. मुलांना ही सात नावे आधीच पाठ करून घ्यायला लावावीत आणि प्रत्यक्ष घाटावर विचारत न्यावे. मग ‘अजून किती राहिले?’ हा प्रश्न ती स्वतःच सोडवतात. माघ-फाल्गुनात कृष्णाबाईचा उत्सव याच घाटांवर पाळीपाळीने होतो. आपण दिवाळीत जाणार असल्याने ती गर्दी नसेल.

गणपती आळीतला ढोल्या गणपती सर्वांनाच ठाऊक आहे. सरदार गणपतराव भिकाजी रास्ते यांनी 1762 साली हे मंदिर बांधले. मूर्तीच्या आकाराने मुले खूश होतात, परंतु त्यांना देवळाच्या पाठीमागे नेऊन भिंतीचा आकार अवश्य दाखवावा. ही भिंत माशाच्या तोंडासारखी निमुळती बांधली आहे, जेणेकरून पुराचे पाणी आदळण्याऐवजी दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावे. नदीच्या इतके जवळ बांधायचे, तर नदी कधीतरी येणार हे गृहीत धरूनच बांधायचे, ही समज त्या भिंतीत दिसते. सहा वर्षांच्या मुलीलाही ती हाताने चाचपून कळेल.

मेणवलीबद्दल मात्र माझे मत निम्मे होकाराचे आहे. अंतर तीन किलोमीटरच्या आसपास, रस्ता सपाट, पण आजूबाजूला उसाची शेते असली तरी त्याच अरुंद डांबरी रस्त्यावरून गाड्याही जातात आणि वेगळा पदपथ नाही. जाताना रिक्षा करावी. तिथे नाना फडणवीसांचा वाडा सावकाश पाहावा, मागच्या दाराने घाटावर उतरावे आणि मेणेश्वराजवळची मोठी घंटा पाहावी. ती पोर्तुगीज घंटा आहे. 1739 साली मराठ्यांनी वसई जिंकल्यावर तिथल्या चर्चच्या ज्या घंटा इकडे आल्या त्यांतली ती एक. पुण्यात ओंकारेश्वराच्या आवारात ज्यांची समाधी आहे, त्याच चिमाजी आप्पांची ही मोहीम. मुलांचे पाय अजून चालते असतील आणि ऊन उतरले असेल, तरच परतीचा रस्ता पायी धरावा, तोही समोरून येणारी वाहने दिसतील अशा, म्हणजे उजव्या बाजूने. घाटावरून पाण्यात पाय सोडू द्यायला हरकत नाही असे अनेक जण सांगतील. वरच्या अंगाला धोमचे धरण आहे आणि पाणी सोडले की पातळी बदलते, म्हणून मोठ्या माणसाने एक पायरी खाली उभे राहावे आणि मुलांना वरच्या पायरीवर बसवावे.

प्रश्न : आम्ही सहा जणी रोज सकाळी गोदाकाठी फिरतो. पावसाळ्यात घरचे लोक जाऊ देत नाहीत. नदीकाठी नेमके कधी जाऊ नये, याचा काही नियम आहे का?
— एक वाचक, पंचवटी, नाशिक

आपल्या गावाला तर हा नियम दगडात उभा करून दिलेला आहे. रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीच्या पायाला पाणी लागले, कमरेला लागले, छातीला लागले, यावरून नाशिककर पिढ्यान्‌पिढ्या पूर मोजत आले आहेत, आणि धरणातून किती क्यूसेक पाणी सोडले या आकड्यापेक्षा ‘मारुतीच्या गळ्याला पाणी आले’ हे वाक्य रविवार कारंज्यावर लवकर समजते. पण चालणाऱ्यांसाठी ही खूण उशिराची आहे, कारण मूर्तीला पाणी लागते तेव्हा आसपासचा घाट आधीच पाण्याखाली गेलेला असतो. त्यामुळे आपण वेगळा नियम धरावा. गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाल्याची बातमी आली, की त्या दिवसापासून घाट बंद. आणि विसर्ग थांबल्यावरही चार-पाच दिवस घाटावर उतरू नये. पूर ओसरताना मागे जो बारीक गाळ राहतो, तो वाळेपर्यंत दगडावर पाऊल ठरत नाही. माझ्या ओळखीतील दोन जणींचे मनगट मोडले ते पुरात नाही, पूर ओसरल्यानंतरच्या निवांत सकाळी.

असे मापक इतर गावांतही आहेत आणि नवख्या माणसाने गावात आल्यावर आधी ते विचारून घ्यावेत. पुण्यात खडकवासल्यातून पाणी सोडले की भिडे पूल पाण्याखाली जातो आणि मग नदीपात्रातला रस्ताही बंद होतो. सांगलीत आयर्विन पुलावरचे फूट मोजतात : 40 फुटांना इशारा, 45 फुटांना धोका, 2019 च्या महापुरात पाणी 57 फुटांपर्यंत गेले होते. पाटबंधारे खात्याच्या नकाशावर निळी आणि लाल अशा दोन पूररेषा असतात. सरासरी पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची ती निळी, शंभर वर्षांत एकदा येणाऱ्याची ती लाल. नदीकाठच्या नव्या सुशोभित वाटा पुष्कळदा या निळ्या रेषेच्या आतच असतात. उन्हाळ्यात तिथे फिरायला काहीच हरकत नाही, परंतु फरशी नवी आणि कठडा चकचकीत आहे म्हणून ती जागा नदीची नाही असे समजू नये.

पावसाळ्याचे तीन-चार महिने आपण सहा जणींनी काठ सोडून काळाराम मंदिराच्या बाजूच्या गल्ल्यांतून फिरावे. 2 मार्च 1930 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला तो याच मंदिरापाशी. रोजच्या फेरीत त्या दरवाज्यासमोरून जाणे होईल. 2027 च्या सिंहस्थापर्यंत काठावर कामांमुळे कधी इकडचा तर कधी तिकडचा रस्ता बंद राहण्याची शक्यता आहे, त्यामुळे ही दुसरी वाट पायाखालची असलेली बरी.

प्रश्न : लहानपणी आम्ही सांगलीहून हरिपूरला चालत जात असू. चाळीस वर्षांनी परत आलो आहे. ती वाट अजून तशीच आहे का?
— एक वाचक, विश्रामबाग, सांगली

तशीच नाही. चिंचेच्या ज्या ओळींखालून आपण गेला असाल, त्या आता विरळ झाल्या आहेत आणि रस्त्याला घरे लागली आहेत. तरीही सकाळी सातच्या आत निघालात तर तीन-चार किलोमीटरचे हे चालणे आजही जमते. बागेतल्या गणपतीपाशी पहिला थांबा, मग सरळ हरिपूर. गाव नाटककार गोविंद बल्लाळ देवलांचे, आणि व्यापाऱ्यांच्या लेखी हळदीच्या पेवांचे. जमिनीखालच्या त्या पेवांत वर्षानुवर्षे हळद साठवली जाई. 2005 च्या महापुराने पुष्कळ पेवे निकामी केली. संगमेश्वराच्या देवळाजवळ कृष्णा आणि वारणा एकत्र येतात, तिथे बसावे. लहानपणी आपण पाण्यात उड्या मारल्या असतील, परंतु आता तो विचार करू नये : कृष्णेच्या या टापूत मगरी आहेत, त्या काठावर ऊन खायला येतात, आणि मासेमारी करणारे लोक ज्या जागा टाळतात त्या आपणही टाळाव्यात. परतताना रिक्षा मिळते.

प्रश्न : माझे वडील चाकाच्या खुर्चीवर आहेत. त्यांना झाडे आणि पाणी पाहायची ओढ आहे. पुण्यातल्या बागांत नेता येईल का? दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा फाटकातूनच परतावे लागले.
— एक मुलगी, कोथरूड, पुणे

आपल्या पत्रातले ‘फाटकातूनच’ हे शब्द वाचून राग आला, कारण हा अनुभव जवळपास सार्वत्रिक आहे. दुचाकी आत येऊ नयेत म्हणून फाटकाशी लोखंडी खांब किंवा नागमोडी अडसर बसवतात. त्यातून दुचाकी कशीबशी आत जाते, चाकाची खुर्ची मात्र अडते. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा 2016 चा कायदा सार्वजनिक जागा सर्वांना वापरता येण्यासारख्या असाव्यात असे स्पष्टपणे सांगतो. म्हणून अशा ठिकाणी रखवालदाराशी हुज्जत घालण्याऐवजी बाजूचे मोठे फाटक उघडण्याची मागणी करावी. ते असतेच, फक्त किल्ली शोधावी लागते. शक्यतो आदल्या दिवशी एकटीने जाऊन चार गोष्टी पाहून याव्यात : फाटकाची रुंदी, वाटेवर खडी आहे की फरशी, स्वच्छतागृहाला पायरी आहे का, आणि गाडी फाटकापासून किती लांब उभी करावी लागते.

सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान आधी पाहावे. जपानमधल्या ओकायामा शहराशी असलेल्या मैत्रीची खूण म्हणून, तिथल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर ते दहा एकरांवर उभे केले आहे. हिरवळ, वळणावळणाने जाणारे पाणी आणि त्यातले मासे बसल्या जागेवरून दिसतात, हा इथला मोठा गुण. पाण्यावरचे छोटे पूल टाळून कडेच्या वाटेने खुर्ची न्यावी. एम्प्रेस गार्डन 39 एकरांचे आहे, तिथल्या जुन्या अजस्र वेली आणि वृक्ष पाहून आपल्या वडिलांना खरोखर आनंद होईल. परंतु बऱ्याच वाटा मातीच्या असल्याने पावसाळ्यात चाके रुततात आणि मुळांवरून हादरे बसतात. जानेवारी ते मार्च हा काळ तिथे ठीक, मात्र जानेवारीतल्या पुष्पप्रदर्शनाचे दिवस गर्दीमुळे सोडावेत. आणि नुसती नदीच पाहायची असेल, तर बंडगार्डनचा जुना फिट्झजेराल्ड पूल. 1860 च्या दशकातला हा दगडी पूल आता वाहनांसाठी वापरात नाही. पाण्याच्या बरोबर वर, सपाटीवर, मनसोक्त थांबता येईल अशी नदीकाठची दुसरी जागा पुण्यात मला तरी सुचत नाही.

प्रश्न : मुलगा लंडनला असतो. मे महिन्यात तिकडे तीन महिने जाणार आहे. मुलगा-सून कामावर गेल्यावर दिवसभर घरात बसवत नाही. इंग्रजी जेमतेम समजते. एकटीने फिरता येईल अशी सोपी वाट सांगावी. डॉ. आंबेडकरांचे घरही पाहायचे आहे.
— एक वाचक, नागपूर

या दोन्ही इच्छा एकाच वाटेवर पूर्ण होतात. लंडनमध्ये 1820 साली पूर्ण झालेला रीजंट्स कालवा आहे. मालाच्या नावा ओढणारे घोडे ज्या काठावरून चालत, तीच आता पादचाऱ्यांची वाट आहे आणि कालवा असल्याने ती जवळपास सपाट आहे. वॉरिक अॅव्हेन्यू या भुयारी रेल्वेच्या स्थानकावर उतरून ‘लिटल व्हेनिस’ नावाच्या भागातून निघावे आणि कॅम्डनच्या दिशेने चालावे. पूर्ण अंतर चार किलोमीटर आहे. पाणी बाजूला ठेवून चालत राहायचे असल्याने भाषेची फारशी गरज पडत नाही. एकाच ठिकाणी गोंधळ होतो : मेडा हिलच्या बोगद्याशी काठाची वाट संपते, तिथे वर रस्त्यावर येऊन थोडे पुढे गेल्यावर पुन्हा पाण्याशी उतरावे लागते. हा तुकडा पहिल्यांदा मुलाबरोबर रविवारी करून ठेवावा. सायकलवाले मागून घंटी वाजवतात, तेव्हा न गडबडता पाण्यापासून दूरच्या अंगाला सरकावे.

पुढे रीजंट्स पार्कच्या कडेने जाताना कालवा प्राणिसंग्रहालयाच्या मधूनच जातो. त्यानंतर कॅम्डनपर्यंत न जाता प्रिमरोज हिलच्या बाजूला वर यावे. टेकडी लहान आहे, पण चढायची सक्ती नाही. पायथ्याशी बाके आहेत. तिथून किंग हेन्रीज रोडवरचे 10 क्रमांकाचे घर पायी जाण्याच्या अंतरावर आहे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत असताना 1921-22 मध्ये बाबासाहेब इथे राहत होते. महाराष्ट्र शासनाने हे घर विकत घेतले आणि नोव्हेंबर 2015 मध्ये त्याचे स्मारक म्हणून उद्घाटन झाले. आत जाताना चपला कुठे काढायच्या, छायाचित्र काढायचे का, हे मराठीत विचारून पाहावे. उत्तर मराठीत मिळण्याचा संभव लंडनमध्ये इथे सर्वाधिक. घर कोणत्या दिवशी आणि किती वाजेपर्यंत उघडे असते, ते निघण्यापूर्वी मुलाकडून पाहून घ्यावे. परतीला चॉक फार्म स्थानक जवळ आहे. मे ते जुलै हे महिने आपण चांगले निवडले आहेत, कारण तेव्हा रात्री नऊपर्यंत उजेड असतो. डिसेंबरात चार वाजताच अंधार पडतो आणि मग कालव्याच्या काठी एकटीने जाऊ नये. छत्री मात्र रोज न्यावी.

प्रश्न : पणजीत एका लग्नासाठी जाणार आहोत. मांडवीच्या काठाने संध्याकाळी चालायचे आहे. कुठून सुरुवात करावी?
— एक दांपत्य, सावंतवाडी

आब्बे फारियांच्या पुतळ्यापासून, म्हणजे जुन्या सचिवालयासमोरून निघावे आणि नदी उजव्या हाताला ठेवून कला अकादमी, कांपाल करत मिरामारपर्यंत जावे. वाट सपाट आहे, झाडे जुनी आहेत, तीन किलोमीटरच्या आसपास अंतर आहे. फोंतेन्यासच्या गल्ल्या दुसऱ्या दिवसासाठी ठेवाव्यात. तिथून चुकून आल्तिनोच्या चढाला लागलात तर सोपेपणा संपतो. एक गोष्ट मात्र आपण उलटी योजली आहे. ही वाट पश्चिमेकडे जाते, त्यामुळे संध्याकाळी मावळतीचे ऊन सबंध वेळ थेट डोळ्यांत येते. संध्याकाळीच जायचे असेल तर बसने आधी मिरामारला जावे आणि तिथून पणजीकडे चालत यावे, म्हणजे ऊन पाठीशी राहील, नदी डाव्या हाताला येईल, आणि दिवे लागण्याच्या सुमारास आपण पुतळ्यापाशी पोहोचाल.